ई-सायकलवरून कामावर: आधी दोन टोके, मग सायकल

ई-सायकलवरून कामावर जायचे ठरवलेला माणूस पहिला प्रश्न बहुधा ‘कोणती घेऊ?’ असाच विचारतो आणि मग मोटर, बॅटरी, वेग यांची तुलना करण्यात पंधरा दिवस सहज निघून जातात. माझ्या अनुभवाने हा प्रश्न तिसरा आहे. त्याआधीचे दोन प्रश्न असे, की ही सायकल रात्री कुठे उभी राहणार आणि दिवसभर कुठे उभी राहणार. हौसेने घेतलेल्या आणि दोन-तीन महिन्यांत जिन्याखाली धूळ खात पडलेल्या ज्या ई-सायकली माझ्या पाहण्यात आल्या, त्या रस्त्याला कंटाळून पडलेल्या नव्हत्या. घराच्या किंवा कचेरीच्या दाराशी रोज नडणारी एखादी लहानशी कटकटच त्यांना भोवली होती. म्हणून या लेखात सायकलीच्या निवडीआधी त्या दोन टोकांचा विचार केला आहे. येथे ई-सायकल म्हणजे जिला पायडल मारावे लागते आणि त्या जोराला मोटर हातभार लावते अशी सायकल समजावी. विजेवरची स्कूटर हा वेगळा विषय आहे.

घराचे दार आणि कचेरीचे दार

साधी सायकल साधारण १२ ते १५ किलोची असते, तर ई-सायकल २० ते २५ किलोपर्यंत जाते. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यापर्यंत ती रोज उचलून न्यायची असेल तर आठवड्याभरातच सायकल नकोशी होते. दुकानात सायकल पाहताना ती फ्रेमला धरून उचलावी आणि चार पायऱ्या चढून-उतरून पाहावे. दुकानदार चकित होईल, होऊ द्यावे. ती झेपणार नसेल तर तळमजल्यावर, पाऊस लागणार नाही आणि भिंतीतल्या कडीला किंवा खांबाला कुलूप अडकवता येईल अशी जागा आधी नक्की करावी, आणि मगच पैसे मोजावेत.

बॅटरी काढता येणारी असेल तर सायकल खाली ठेवून फक्त बॅटरी वर नेता येते. तिचे वजन साधारण अडीच ते चार किलो भरते. ती फ्रेममध्येच पक्की बसवलेली असेल, तर मात्र सायकल उभी राहील तिथेच प्लग असायला हवा, हे अनेकांच्या खरेदीनंतर लक्षात येते. चार्जिंगसाठी वेगळी वायरिंग लागत नाही. घरातला नेहमीचा प्लग पुरतो, कारण ३६ व्होल्टच्या बॅटरीचा २ अँपिअरचा चार्जर जेमतेम ८० ते १०० वॉट वीज घेतो. शिवाय ५०० वॉट-तासांची (वॉट-तास म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप) बॅटरी पूर्ण भरायला, चार्जरमधली थोडी गळती धरूनही, अर्ध्या युनिटापेक्षा फारशी जास्त वीज लागत नाही.

कचेरीच्या टोकाला तीन गोष्टींची चौकशी आधीच करून ठेवावी: सायकल कुठे लावायची, चार्जिंगला परवानगी आहे का, आणि कपडे बदलायला जागा मिळेल का. सायकल लावण्याची जागा लोकांच्या नजरेतली असावी आणि तिथे जमिनीत रोवलेले काहीतरी असावे, कारण नुसते चाकाला कुलूप घातलेली सायकल दोघांनी उचलून टेम्पोत टाकायला अर्धा मिनिटही लागत नाही. कडक पोलादी यू-कुलूप फ्रेम, मागचे चाक आणि तो खांब या तिन्हींना कवेत घेईल असे लावावे, पुढच्या चाकाला दुसरे कुलूप किंवा साखळी लावावी आणि बॅटरी काढून सोबत न्यावी. बॅटरीच्या किल्लीवर बहुधा एक क्रमांक कोरलेला असतो. तो पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा, कारण किल्ली हरवल्यास नवी बनवून घेण्यासाठी तोच उपयोगी पडतो. फ्रेमच्या क्रमांकाचा फोटोही काढून ठेवावा.

घामाचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो आणि त्याचे उत्तर ई-सायकलपाशी आयतेच आहे. मोटरच्या मदतीच्या पायऱ्या कमी-जास्त करता येतात, त्यामुळे सकाळी जाताना मदत जास्त ठेवावी आणि व्यायाम करायचाच असेल तर तो संध्याकाळी, मदत कमी करून, घराकडे येताना करावा. शेवटचा किलोमीटर मुद्दाम सावकाश चालवावा. पोहोचल्याबरोबर कपडे बदलण्याचीही घाई करू नये, कारण सायकल थांबली की समोरून लागणारा वारा थांबतो आणि शरीर मात्र आणखी काही मिनिटे घाम काढतच राहते. पाच-सात मिनिटे बसून, तोंड-मान पुसून मग बदललेला सदरा दिवसभर कोरडा राहतो. पाठीवरची सॅक हे घामाचे दुसरे मोठे कारण आहे. सामान कॅरिअरला अडकवायच्या पिशवीत टाकले, की पाठ मोकळी राहते आणि लॅपटॉपचे वजनही खांद्यांवर येत नाही. कचेरीत कपड्यांचा एक जोड, छोटा टॉवेल आणि बूट कायमचे ठेवता आले, तर रोजची निम्मी बांधाबांध वाचते.

रस्ता

फोनमधला नकाशा जो रस्ता सुचवतो तो बहुधा मोटारीचा असतो, आणि साध्या सायकलची सवय असलेला माणूस स्वतः रस्ता निवडतो तेव्हा तो चढ टाळतो. ई-सायकलला या दोन्ही सवयी सोडाव्या लागतात. दीड-दोन किलोमीटरचा वळसा तिच्यावर फार तर सात-आठ मिनिटे वाढवतो आणि चढाचे ओझे मोटर वाटून घेते. टाळायची असते ती वेगवान वाहतूक. त्यामुळे मोठ्या रस्त्याला समांतर जाणाऱ्या आतल्या गल्ल्या, वसाहतींमधले रस्ते, शाळा-बागांच्या मागच्या बाजू आधी पायी किंवा सुटीच्या सकाळी सायकलवरून पाहून घ्याव्यात. नंतर एकदा कचेरीच्या वेळेतही त्याच वाटेने जाऊन यावे, कारण सुटीच्या दिवशी शांत वाटलेला रस्ता साडेनऊला कसा असतो हे त्याशिवाय कळत नाही.

वाट पाहताना काय बघायचे, तर उभ्या मोटारींच्या रांगेपासून दार उघडण्याइतके, म्हणजे किमान एक मीटर, अंतर राखता येते का. गटारांवरच्या जाळ्यांच्या फटी चाकाच्या दिशेने आहेत का. रेल्वेचे किंवा ट्रामचे रूळ ओलांडावे लागतात का, आणि लागत असतील तर ते काटकोनात ओलांडायला जागा आहे का. चौकात ट्रक किंवा बस शेजारी उभी असेल तर तिच्या कडेने पुढे सरकू नये. ती आपल्याच बाजूला वळली तर चालकाला आपण दिसत नसतो, आणि तिची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात. अशा वेळी मागे थांबणे हाच एक शहाणपणा आहे.

वेळेचा अंदाज बांधताना सायकलवर लिहिलेला कमाल वेग धरू नये. सिग्नल, वळणे आणि गर्दी धरून शहरातला सरासरी वेग ताशी १६ ते २० किलोमीटर पडतो, म्हणजे दहा किलोमीटरला अर्धा ते पाऊण तास. जमेची बाजू अशी, की वाहतूक तुंबली तरी हा वेळ फारसा बदलत नाही.

कायद्याची चौकशीही याच टप्प्यावर करावी. भारतात आणि युरोपीय संघात ढोबळ मर्यादा सारखीच आहे, ती म्हणजे २५० वॉटची मोटर आणि ताशी २५ किलोमीटर वेग. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तीन वर्ग पाडले आहेत आणि मोटरची मदत वर्गानुसार ताशी २० किंवा २८ मैलांपर्यंत चालते. मर्यादेपलीकडची सायकल कायद्याने मोटार वाहन ठरू शकते आणि मग परवाना, नोंदणी, विमा हे सगळे मागे लागते. ‘वेगाची मर्यादा काढून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदारापासून दूर राहावे.

सायकलची निवड

मोटर दोन ठिकाणी असू शकते. एक, चाकाच्या मध्यभागी, म्हणजे हबमध्ये. दुसरी, पायडलच्या आसाजवळ, जिला मिड-ड्राइव्ह म्हणतात. हब मोटरची कल्पना आजची नाही. मागच्या चाकात मोटर बसवलेल्या सायकलीचे पेटंट अमेरिकेत १८९५ मध्येच दिले गेले होते. हब मोटर स्वस्त पडते, चेनवर तिचा ताण येत नाही आणि सपाट शहरासाठी ती पुरेशी असते. मिड-ड्राइव्ह मोटर सायकलच्या गिअरमधून जोर लावते, त्यामुळे लांब आणि तीव्र चढावर ती सरस ठरते, मात्र चेन आणि दातेरी चक्रे लवकर झिजतात. वाटेत मोठा घाट नसेल तर हब मोटरला नावे ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

सेन्सरकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि चालवताना रोज जाणवतो तो सेन्सरच. साध्या प्रकारात पायडल फिरते आहे की नाही एवढेच सेन्सर पाहतो. पाय फिरले की क्षणभराने मोटर ठरावीक जोर लावते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर लावत राहते. दुसऱ्या प्रकारात पायडलवर किती दाब पडतो हे मोजले जाते आणि मदत त्या प्रमाणात मिळते, त्यामुळे आपलेच पाय बळकट झाल्यासारखे वाटते. गर्दीतून, अरुंद वळणांवरून जायचे असेल तर दाब मोजणाऱ्या सेन्सरसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत. दुकानात फेरी मारताना दोन्ही प्रकारच्या सायकली आठाच्या आकड्यात सावकाश फिरवून पाहाव्यात, फरक लगेच कळतो.

ब्रेक डिस्कचे, शक्य तर हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, असावेत, कारण २५ किलोची सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून शंभर किलोचा ऐवज ओल्या रस्त्यावर थांबवायचा असतो. ब्रेक दाबताच मोटरचा जोर तोडणारा स्विच आहे की नाही हेही विचारावे. टायर चार-पाच सेंटिमीटर रुंद, मडगार्ड दोन्ही चाकांना, कॅरिअर, स्टँड, घंटी आणि मुख्य बॅटरीवरच चालणारे पुढचे-मागचे दिवे, एवढे सामान सायकलबरोबरच आलेले बरे. नंतर एकेक जोडत बसण्यात पैसाही जातो आणि वेळही. शेवटची चौकशी दुरुस्तीची. रोज ये-जा करणाऱ्या सायकलची बिघडलेली मोटर किंवा डिस्प्ले हातात घेणारा जाणकार जवळपास नसेल, तर कितीही चांगली सायकल असली तरी तिचा विचार सोडून द्यावा.

बॅटरीचा हिशेब

जाहिरातीत सायकल एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते हे ठळक छापलेले असते. तो आकडा सर्वांत कमी मदतीवर, सपाट रस्त्यावर आणि हलक्या माणसाला गाठता येतो, म्हणून तो सोडून द्यावा आणि स्वतः हिशेब करावा. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार केला की वॉट-तास मिळतात. ३६ व्होल्ट आणि १४ अँपिअर-तास म्हणजे ५०४ वॉट-तास. पायडल मारत, मध्यम मदतीवर चालवताना एका किलोमीटरला साधारण ८ ते १५ वॉट-तास खर्च होतात. घर ते कचेरी १२ किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन २४ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला १२ वॉट-तास धरले तर रोजचा खर्च २८८. त्यात चढ मिळवावा: सायकल आणि स्वार मिळून १०५ किलो असतील, तर १०० मीटर उंची चढायला सुमारे २९ वॉट-तासांचे काम करावे लागते, म्हणजे ते सगळे मोटरवर सोडले तर तिच्यातली गळती धरून सपाटीवरच्या तीन किलोमीटरइतका खर्च वाढतो. समोरचा वारा आणि थंडी यांमुळे वाढणारा खर्च याहून वेगळा. बॅटरीची क्षमता वर्षागणिक घटत जाते, हे लक्षात घेऊन रोजच्या गरजेपेक्षा दीडपट क्षमता घ्यावी; वरच्या उदाहरणात ४३० ते ५०० वॉट-तास.

बॅटरी रोज काठोकाठ भरण्याची गरज नसते. लिथियम-आयन पेशींना शंभर टक्के आणि शून्य ही दोन्ही टोके मानवत नाहीत, त्यामुळे ये-जा ८० टक्क्यांत भागत असेल तर तेवढेच भरावे. पेशींमधला समतोल बहुतेक बॅटऱ्यांमध्ये पूर्ण चार्जच्या वेळीच साधला जातो, म्हणून अधूनमधून ती पूर्ण भरू द्यावी. काही आठवडे सायकल वापरायची नसेल तर बॅटरी निम्मी भरलेली आणि थंड, कोरड्या जागी ठेवावी. तापलेली बॅटरी घरी आल्या-आल्या चार्जिंगला लावू नये, आणि शून्य अंशाखालच्या थंडीत तर चार्ज करूच नये.

आगीच्या धोक्याबद्दल भीती बाळगण्यापेक्षा शिस्त बाळगावी. न्यूयॉर्क शहरात ई-सायकलींच्या बॅटऱ्यांमुळे आगी लागू लागल्या, तेव्हा २०२३ पासून यूएल २८४९ या सुरक्षा मानकाची मान्यता नसलेल्या ई-सायकली विकण्यास तिथे बंदी घालण्यात आली. सामान्य माणसाने त्यातून घ्यायचे ते एवढेच: मान्यताप्राप्त मानकाची बॅटरी घ्यावी, तिचाच चार्जर वापरावा, घरगुती जोडकामाने बनवलेली किंवा आपटून फुगलेली बॅटरी वापरू नये आणि चार्जिंग जागे असताना, उघड्या फरशीवर, करावे. बाहेर पडायच्या दारात ती चार्जिंगला लावू नये, कारण पेट घेतलाच तर सुटकेची वाटच अडते.

पहिले काही दिवस

पहिल्या आठवड्यात दोनच दिवस सायकल न्यावी आणि त्या दिवशी अर्धा तास आधी निघावे. नव्या डिस्क ब्रेकचे पॅड बसायला वेळ लागतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने जाऊन वीसेक वेळा, पूर्ण न थांबता, ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करावा. त्यानंतरच त्यांची खरी पकड मिळते. सिग्नलला थांबण्यापूर्वी हलक्या गिअरवर यावे, नाहीतर सुटताना जड गिअरवर पायही अडखळतो आणि मोटरही. मिड-ड्राइव्ह सायकलवर गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर सोडावा, अन्यथा चेन ‘खडाक्’ असा आवाज करते आणि तो आवाज खर्चाचा असतो. सिग्नलला उभे असताना पाय पायडलवर विसावू नये; काही सायकली तेवढ्याने पुढे झेपावतात. बोटे ब्रेकवर असावीत.

लोकांचा अंदाज मात्र चुकत राहतो, कारण ताशी २५ ने येणारी सायकल पाहून पादचारी आणि गाडीवाले तिला साध्या सायकलच्या वेगाची समजतात आणि आडवे येतात. म्हणून दिवे दिवसाही लावावेत, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जातील एवढा घट्ट असावा, आणि हँडलला एक छोटा आरसा लावावा.

पाऊस, पंक्चर आणि देखभाल

बहुतेक ई-सायकली पावसाचे शिंतोडे सहन करतात, पण साचलेल्या पाण्यातून हबपर्यंत बुडवून नेणे किंवा दाबाच्या फवाऱ्याने धुणे टाळावे; बादली आणि फडके पुरते. भिजून आल्यावर बॅटरी काढून तिच्या आणि फ्रेमच्या जोडाचे धातूचे टोक कोरडे पुसावे. पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल वर येते, आणि रंगवलेले पट्टे व लोखंडी झाकणे निसरडी होतात, तिथे ब्रेक दाबून वळू नये.

पंक्चर मागच्या हब मोटरच्या चाकाला झाले, की साध्या सायकलचे कौशल्य अपुरे पडते. माझे पहिले पंक्चर घरापासून सहा किलोमीटरवर झाले. ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या हे सारे पिशवीत होते. नव्हता तो आसाच्या जाड नटला लागणारा पाना, जो साध्या सायकलच्या पान्यापेक्षा मोठा असतो. सायकल ढकलत न्यावी लागली. घरी आल्यावर चाक काढताना कळले, की आधी मोटरच्या वायरचा जोड सुटा करावा लागतो, त्यावरचे बाण जुळवूनच तो परत बसतो, आणि आसाजवळच्या वॉशरचा क्रमही चुकवून चालत नाही. म्हणून नवी सायकल आल्यावर एखाद्या निवांत सकाळी मागचे चाक एकदा काढून बसवून पाहावे, प्रत्येक पायरीचा फोटो घ्यावा आणि तो पाना मोजून सायकलबरोबरच ठेवावा.

बाकी देखभाल थोडी आणि नेमाची असते. आठवड्यातून एकदा टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत हवा भरावी, कारण कमी हवेवर बॅटरी लवकर संपते आणि रिमवर खड्डे बसतात. दोन आठवड्यांनी चेन पुसून तेलाचे थेंब सोडावेत. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर चाकाच्या आऱ्या (स्पोक), हँडल आणि कॅरिअरचे नट एकदा तपासून घ्यावेत, कारण नव्या सायकलच्या आऱ्या बसताना सैल पडतात आणि मोटरचा जोर मागच्या चाकावर येत असेल तर तिथल्या आणखी लवकर सैल पडतात. ब्रेक पॅडची जाडी महिन्याला पाहावी. धातूच्या पत्र्यावरचा थर एक मिलिमीटरच्या आसपास आला, की घरघर ऐकू येण्याची वाट न पाहता पॅड बदलावेत.